कामगार क.

सहाव्या प्रश्नापर्यंत पेरीझात बिनघोर आली होती. पिवळं हेल्मेट घातलेला व्यंगचित्रातला माणूस प्रत्येक बरोबर उत्तराला अंगठा दाखवत होता, हिरवी खूण उमटत होती, खालचं ‘पुढे’ हे बटण करड्याचं निळं होत होतं आणि ती ते दाबत होती. शनिवारचे साडेदहा वाजले होते. संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चौदा जण आपापल्या संगणकापुढे वाकून बसले होते. खिडकीखालचे गरम पाण्याचे नळ इतके तापले होते की कुणीतरी मार्चच्या थंडीत खिडकी उघडी टाकली होती आणि बिश्केकभरच्या कोळशाचा धूर आत येत होता. वेनेरा एजेके टेबलांमधून हळू फिरत होत्या. शिकवणाऱ्या बाईंना एजेके म्हणायचं, तसंच सगळे त्यांना म्हणत. चाळिशीतला, बँकेत कामाला असलेला एल्दियारसुद्धा. “आज तुम्ही अभ्यासक्रम रचणारे नाही,” त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. “आज शिकणाऱ्याच्या खुर्चीत बसा. हा मी स्वतः केलेला अभ्यासक्रम आहे, वरच्या डोंगरातल्या खाणीसाठी. त्याला नवा भाग जोडलाय. कुठे टोचतं ते लिहून ठेवा. माझी भीड धरू नका.” मग सातवा प्रश्न आला.

‘कामगार क. (वय ३४) हा तिसऱ्या पाळीत वाहक पट्ट्यावर काम करत होता. पट्ट्याच्या रुळात दगड अडकला. दगड काढण्यासाठी क. याने पट्टा चालू असताना उजवा हात आत घातला. क. याच्याकडून कोणती चूक झाली?’ खाली तीन पर्याय होते. एक, त्याने हातमोजे घातले नव्हते. दोन, पट्टा थांबवण्याचे कष्ट टाळून त्याने काम लवकर उरकण्याचा प्रयत्न केला. तीन, त्याने सहकाऱ्याला मदतीला बोलावले नाही.

पेरीझातने प्रश्न एकदा वाचला आणि तिला आधी काहीच वाटलं नाही. एखाद्या अनोळखी घराच्या भिंतीवर अचानक आपल्याच घरातला फोटो टांगलेला दिसावा आणि आधी नुसती चौकटच डोळ्यांत भरावी, तसं. चौतीस. तिसरी पाळी. उजवा हात. मग कानांच्या पाळ्या तापल्या. तिने पहिला पर्याय दाबला. पडद्यावर लाल उमटलं, हेल्मेटवाल्याने मान हलवली. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ तिने तिसरा दाबला. पुन्हा लाल. बटण करडंच राहिलं. शेजारची दोघंतिघं केव्हाच आठव्या-नवव्यावर गेली होती, त्यांच्या बोटांचे आवाज येत होते, टक, टक, आणि त्या प्रत्येक आवाजासरशी कुणीतरी दुसरा पर्याय दाबतंय, कुणीतरी तिच्या भावाची, कुबातची चूक ओळखतंय, असं तिला वाटत राहिलं. तेरा जण. त्यांतल्या एकालाही कुबात कोण ते ठाऊक नव्हतं आणि तेराही जणांचं उत्तर बरोबर येत होतं.

“अडलीस?” वेनेरा एजेके मागे येऊन उभ्या होत्या. त्यांच्या कडक इस्त्रीच्या कॉलरला साबणाचा वास होता. “तू आणि सातव्याला अडलीस? अगं, यातला दुसरा पर्याय तर तुझाच आहे. ऑक्टोबरात लिहून दिला होतास, आठवतं? मी शब्दसुद्धा बदलला नाही.” त्यांनी तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. शाबासकी होती ती.

आठवत होतं. ऑक्टोबरात त्यांनी सगळ्यांना सरावासाठी एक विषय दिला होता: चालत्या यंत्रात हात घालणारा कामगार, कुठलाही, काल्पनिक. त्याची चूक सांगणारी तीन वाक्यं लिहा. तिन्ही खरी वाटली पाहिजेत, पण एकच खरं असलं पाहिजे. बाकीचे पेन चावत बसले होते आणि पेरीझातच्या हातून मात्र वाक्य सरळ उतरलं होतं, ‘कष्ट टाळून’, ‘उरकण्याचा प्रयत्न’. एजेकेंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तिला शाबासकी मिळाली होती आणि कोचकोर गावच्या शाळेत सहा वर्षं पदार्थविज्ञान शिकवताना एकाही निरीक्षकाने तिला कधी शाबास म्हटलं नव्हतं. आता तिला कळत होतं, ते वाक्य तिचं नव्हतंच. ते अपघाताच्या चौकशीच्या अहवालातलं होतं. गेल्या फेब्रुवारीत नारीनच्या इस्पितळात, कुबातच्या खाटेशी उभं राहून तिनेच तो वाचून दाखवला होता, कारण तो रशियनमध्ये होता आणि घरात चांगलं रशियन तिचंच. ती वाक्य वाचायची आणि किर्गिझमध्ये सांगायची. वर्गात वाचावं तसं, थांबे घेत, स्वच्छ उच्चारात. ‘कामगाराने अपघातापूर्वी सात आठवडे सुरक्षेचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केलेला होता. गुण: शंभरपैकी शंभर. सबब सर्व दोष कामगाराचा.’ खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या आपाने, त्यांच्या आईने, मध्येच मान वर केली होती. “शंभरपैकी शंभर? याला?” आणि मग, जणू तेवढंच तिला कळलं होतं, “शाळेत कधी चाळिसाच्या वर गेला नाही गं हा.” कुबात हसला होता. हसताना पांघरुणाखाली त्याचा उजवा दंड हलला आणि तिथे संपला.

तो अभ्यासक्रम कुणीतरी रचलेला असणार, हे तिच्या मनात कधी आलंच नाही. पाऊस कुणी पाडतं का, तसं. आणि आता ती रचणारी बाई तिच्या पाठीशी उभी होती, चांगली बाई होती ती. पेरीझातकडे संगणक नव्हता तेव्हा हिने आपला जुना दिला होता, डबा आणला नसेल त्या दिवशी न विचारता आपल्यातली खिम्याची सामसा पुढे सरकवली होती. पेरीझातला वाटलं, ही बाई वाईट असती तर बरं झालं असतं. तिने दुसरा पर्याय दाबला. हिरवं झालं. माणसाने अंगठा दाखवला. तिने पुढचे पाच प्रश्न कसे सोडवले ते तिला आठवत नाही. शेवटी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एजेकेंनी खाणीतले आकडे दाखवले: दोनशे बारा कामगार, अठ्ठ्याण्णव टक्के पूर्तता. कुणीतरी शीळ घातली. “एजेके, जरा खाली घ्या ना,” पेरीझात म्हणाली. आपला आवाज इतका सपाट कसा याचं तिचं तिलाच नवल वाटलं. पान खाली सरकलं. तिथे आणखी एक ओळ होती. सरासरी लागलेला वेळ: अकरा मिनिटं. “अभ्यासक्रम किती मिनिटांचा आहे?” “चाळीस,” वेनेरा एजेके म्हणाल्या आणि पान पुन्हा वर घेतलं. “वेळेबद्दल पुढच्या शनिवारी बोलू.”

मार्श्रुत्कात, त्या बुटक्या प्रवासी गाडीत, तिला बसायला जागा मिळाली नाही. वाकून उभी राहिली, कुणाच्या तरी पिशवीतली कांद्याची पात गालाला लागत होती, आणि डोक्यात सहा महिन्यांचं शिक्षण उलट्या बाजूने फिरत होतं. किती आवडलं होतं तिला ते. एका पानावर एकच विचार. एका चित्रफितीला सहा मिनिटं, त्यापुढे माणसाचं लक्ष राहत नाही. धडा लिहिण्याआधी उद्दिष्ट लिहायचं, आणि उद्दिष्टाचं क्रियापद मोजता येईल असं पाहिजे: ओळखेल, निवडेल, जोडेल, सांगेल. ‘समजेल’ चालत नाही. पहिल्याच आठवड्यात एजेकेंनी फळ्यावर ‘समजणे’ लिहून त्यावर काट मारली होती; समजलं की नाही हे तुम्ही कशावरून ठरवणार? वर्ग हसला होता, तीही हसली होती, आणि घरी येऊन तिने आपल्या जुन्या वहीतली कप्पीच्या धड्याची टाचणं काढून त्यांतलं प्रत्येक ‘समजेल’ खोडलं होतं. कोचकोरला कप्पी शिकवताना प्रयोगशाळा नव्हती, म्हणून ती पोरांना विहिरीवर न्यायची, बादली एकदा नुसत्या दोराने ओढायला लावायची, एकदा कप्पीवरून. कुणाच्या तरी चेहऱ्यावर एकदम काहीतरी हलायचं. तेवढ्यासाठी ती थांबून राहायची. कधी ते पहिल्या बादलीला व्हायचं, कधी आठवडाभर व्हायचंच नाही. हे जे हलतं त्याला क्रियापद कुठलं, ते तिला सांगता आलं नसतं, पण ते नाही असं म्हणायला तिने किती पटकन मान डोलावली. आणि त्या बदल्यात काय घेतलं तर ‘चूक ओळखेल’. नव्या भागाच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं: या भागाच्या अखेरीस कामगार, अपघात कोणाच्या चुकीने झाला हे ओळखू शकेल. दोनशे बारा माणसं ओळखणार. कुबातबरोबर जेवलेली, त्याच्याशेजारी झोपलेली माणसं पिवळ्या हेल्मेटच्या शाबासकीसाठी ओळखणार. तिचा श्वास इतका जोरात झाला की पात धरलेल्या म्हातारीने विचारलं, “बाई, तुला मळमळतंय का? खिडकी उघडू?”

कुबात दुपारीच घरी आला होता. शहराच्या कडेच्या नव्या वस्तीत दोन खोल्या होत्या त्यांच्या. त्याची बायको आणि मुलं कोचकोरला आपाजवळ. तो इथे कृत्रिम हाताच्या यादीत नाव लावून बसलेला आणि तोवर एका बालवाडीच्या फाटकावर राखणीला. शनिवारी अर्धा दिवस. चहात दूध घालून तो तिची वाट बघत होता. “या मास्तरीणबाई,” तो म्हणाला, “तोंड का पाडलंय? आज तुम्हालाच कोपऱ्यात उभं केलं का?” पाव छातीशी कोपराने दाबून त्याने डाव्या हाताने मोडला, मोठा तुकडा तिच्यापुढे ठेवला. तिने सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आरिकच्या, रस्त्यालगतच्या पाटाच्या कडेने बसथांब्यापासून चालत येताना तिने ते तीनदा ठरवलं होतं.

“बाइके,” ती म्हणाली, थोरल्या भावाला म्हणायचं तसं, “तुम्ही तो खाणीतला अभ्यासक्रम खरंच केला होता? संगणकावरचा?”

“केला की. शंभर मार्क आहेत मला.”

“चेष्टा नको. कसा केलात?”

“कसा म्हणजे? बारा तास झाल्यावर कचेरीत रांग लावली. एकच संगणक. दाबायचं. लाल झालं की दुसरं दाबायचं. तीनच तर असतात. माझ्या मागे चौदा जण उभे, सगळ्यांना झोपायचंय. कुणी मागून सांगतंय, कुबात, मधलं दाब, मधलं.” तो चहा प्यायला. “का?”

तिने संगणक उघडला आणि सातवा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. तो वाचत राहिला. रशियन वाचताना त्याचे ओठ हलायचे. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि मग न राहवून बघितलंच. त्याने डावं बोट उचललं आणि एका झटक्यात दुसरा पर्याय दाबला. हिरवं झालं.

“सोपं आहे,” तो म्हणाला.

“तुम्ही हे असं कसं दाबू शकता?”

“मग काय दाबू? हातमोजे तर घातले होते मी. आणि माणूस कुणाला बोलावू, पाळीला पट्ट्यावर एकटाच असतो.” तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. “दोरीचं यात नाहीये.”

“कुठली दोरी?”

आणि मग, तेरा महिन्यांनी, कुबातने तिला दोरीचं सांगितलं. पाव खात खात, मध्ये तिला वाळक्या दह्याचं कुरूत हवंय का विचारत. पट्ट्याच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाल दोरी असते. कुठेही उभे असा, ओढली की पट्टा थांबतो. ती नोव्हेंबरात तुटली. त्याने मुकादमाला सांगितलं, वहीत लिहिलं, मुकादम म्हणाला सामान येतंय. दोरी नसली की पट्टा थांबवायला चारशे पावलं खाली जायचं, नियंत्रणाच्या खोलीतल्या माणसाला सांगायचं, पुन्हा वर यायचं, दगड काढायचा, पुन्हा खाली. एका पाळीत नऊदहा दगड. पहिले दोन आठवडे तो तसा गेला. मग पाळीचा माल कमी पडतो म्हणून फळ्यावर त्याचं नाव लागलं. “मला ठाऊक नव्हतं असं नाही गं पेरी. थांबवायचा असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या संगणकाने मला नवीन काय सांगितलं?”

“हे तुम्ही चौकशीत सांगितलं नाहीत?”

“सांगितलं. त्यांनी फोटो दाखवला. दोरी आहे, नवी कोरी. मला शुद्धीवर येऊन चार दिवस झाले होते तेव्हा.”

“आणि मला?”

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. मग काहीसा ओशाळून म्हणाला, “तू तो अहवाल वाचून दाखवलास ना. त्यात सगळं इतकं नीट, ओळीने लिहिलेलं. तुझा आवाज पण असा, शाळेतल्यासारखा. ऐकता ऐकता मलाच वाटायला लागलं, असंच झालं असेल.”

पेरीझात उठली आणि भांडी नसतानाही नळाशी जाऊन उभी राहिली. इतका वेळ राग बाहेर होता, खाणीत, संस्थेत, कडक कॉलरीत. आता तो वळून घरात आला. तिला आठवलं, वाचताना एका अवघड रशियन शब्दाशी ती अडली होती आणि योग्य किर्गिझ शब्द सापडल्यावर तिला आनंद झाला होता. निष्काळजीपणा. भावाच्या खाटेशी उभं राहून तिला एका शब्दाचा आनंद झाला होता. त्याला मधेच थांबवून ‘असं झालं का?’ एवढं विचारायला किती शब्द लागले असते? तिने अहवालावर विश्वास ठेवला होता कारण तो छापलेला होता, मुद्देसूद होता, आणि कुबात तिला लहानपणापासून धांदरट म्हणून माहीत होता. चाळिसाच्या वर कधी न गेलेला. तिन्ही पर्याय खरे वाटले पाहिजेत. तसे वाटावेत म्हणून तिच्यासारखी एखादी बहीण लागते.

आठवडाभर ती त्याच्या मागे लागली. “मला त्यात घालू नकोस,” तो म्हणत राहिला. “आता कुठे फाटकावर बरं चाललंय.” बुधवारी तो आपणहून म्हणाला, “बरं, विचार. पण रशियनमध्ये बोलणार नाही मी.” त्याने किर्गिझमध्ये सांगितलं आणि तिने ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. पट्टा कसा वाजतो, दगड अडकला की आवाज कसा बदलतो, दोरी कुठे हवी, ती नसेल तर पहिल्या दिवशी काय करायचं, वहीत लिहिलेल्याचा फोटो आपल्याजवळ का ठेवायचा, जो त्याने ठेवला नव्हता. तेवीस मिनिटं. मध्ये दोनदा तो थांबला आणि त्या थांबण्यात शेजारच्यांचं कुत्रं भुंकलेलं ऐकू येत होतं. ती कापायला बसली, एक थांबा निवडला, आणि कापला नाही.

शनिवारी आपली टिपणं मांडायची तिची वेळ आली तेव्हा तिने भिंतीवर सातवा प्रश्न लावला आणि खाली चौथा पर्याय लिहिला: पट्टा थांबवण्याची दोरी तीन महिने तुटलेली होती आणि हे वरिष्ठांना माहीत होते. एल्दियारने घसा साफ केला. “मला एक वाटतं,” तो म्हणाला, “चार पर्याय झाले की शिकणारा गोंधळतो. आपण तीनच ठेवायचे ठरवलंय.”

“गोंधळू दे की,” पेरीझात म्हणाली.

“आणि बरोबर उत्तर कुठलं मग?”

“तुम्ही सांगा. तुम्ही मागच्या शनिवारी दुसरं दाबलंत ना?”

“सगळ्यांनी तेच दाबलं.”

“हो. मी पण.”

वेनेरा एजेकेंनी हे मध्येच थांबवलं नाही. सगळे गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि आपल्या टेबलाशी न जाता विद्यार्थ्यांच्या बाकावर बसल्या. “तो तुझा कोण?”

“थोरला भाऊ. कुबात नाव आहे.”

“मला माहीत नव्हतं, पेरीझात. त्यांनी फक्त अक्षर दिलं होतं.”

“माहीत नव्हतं तेव्हाही तो माणूसच होता, एजेके.”

त्या आपल्या बांगड्यांशी चाळा करत राहिल्या. “मी म्हटलं होतं त्यांना, मला पट्टा बघू द्या. दोनदा म्हटलं. त्यांनी छायाचित्रं पाठवली, नियमांचं पुस्तक पाठवलं. दोरी तुटलेली आहे हे मी इथे बसून कशी ओळखणार होते?”

“अकरा मिनिटं तरी इथे बसून दिसत होती ना? ती तुम्ही बघितली होती. म्हणून तर पान वर घेतलंत.” तिचा आवाज चढला नाही. तिने हात कोटाच्या खिशात घातले. “तुम्ही आम्हाला शिकवलंत, ज्याला येत नाही त्याच्यासाठी धडा लिहायचा. माझ्या भावाला येत होतं. त्याला उत्तर येत होतं आणि दोरी नव्हती. ज्यांच्याकडे दोरी होती त्यांच्यासाठी एखादा धडा रचलात का कधी? तुमचा अभ्यासक्रम त्याला शिकवायला नव्हताच. पुढे काही झालं तर दाखवायला कागद पाहिजे होता, तेवढ्यासाठी होता. आणि तो कागद मी वाचून दाखवला. मी. छान वाचला.”

वेनेरा एजेकेंनी भिंतीवरचा चौथा पर्याय पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, “मी त्यांना दोरीबद्दल विचारीन. लेखी.” आणि उठताना, अगदी हळू, “तेवीस मिनिटं फार होतात गं. पण पाठव मला.”

त्यांनी खरंच विचारलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. सातवा प्रश्न काढून टाकण्यात येत आहे आणि यापुढचं काम दुसऱ्या संस्थेकडे देण्यात आलं आहे. दोरीबद्दल एक अक्षर नव्हतं. हे सांगताना एजेकेंचा चेहरा एखाद्याने मोठा त्याग करून यावं तसा होता, आणि खरोखर त्यांचं नुकसान झालंच होतं, पण पेरीझातला त्यांची दया आली नाही. “मी काढा म्हटलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी जोडा म्हटलं होतं.” आधी क. चुकला होता; आता क. झालाच नाही. कुबातला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बरं झालं, सुटलो. तिला त्याच्यावरही चिडावंसं वाटलं आणि ती चिडली. दोन दिवस त्यांनी एकमेकांशी मिठापुरतं बोलणं ठेवलं. रस्त्याने जाताना, दुकानात, बँकेच्या यंत्रापुढे, जिथे जिथे कुणी तिला ‘पुढे’ म्हणून सांगे तिथे तिचं बोट अडे, मागचे लोक खोळंबत, आणि ती मुद्दाम सगळं अक्षर न् अक्षर वाचत राही. लोकांना ती मंद वाटत असावी.

शेवटचं काम म्हणून तिने कुबातची तेवीस मिनिटंच दिली, न कापता. उद्दिष्टाच्या जागी तिने लिहिलं, ‘समजेल’. वेनेरा एजेकेंनी लांबीचे आणि क्रियापदाचे गुण कापले आणि तिला पास केलं. समासात त्यांनी लिहिलं होतं, ‘दोनदा ऐकलं.’ मे महिन्यात प्रमाणपत्र मिळालं. तिने ते आपाला दाखवायला पाठवलं आणि नोकरीसाठी कुठेही अर्ज केला नाही. एका शाळेत पदार्थविज्ञानाचे तास घ्यायला लागली.

ती तेवीस मिनिटं कुबातने कुणालाही न विचारता आपल्या जुन्या पाळीच्या लोकांना फोनवर पाठवली होती, हे तिला जूनमध्ये कळलं. रविवार होता. दारातल्या जर्दाळूखाली पायरीवर बसून ती वह्या तपासत होती आणि तो आतून फोन कानाला लावून हसत आला. “झूमार्त आहे,” तो म्हणाला, “माझ्या जागेवर आता तो असतो. ऐक तर खरं. पोरांनी सगळ्यांनी ऐकलं म्हणे, झोपायच्या खोलीत, मध्ये फोन ठेवून. मी थांबलो तिथे कुणी हललं नाही म्हणतो. आणि मग दुसऱ्या दिवसापासून दगड अडकला की दोरी. प्रत्येक दगडाला दोरी, सगळ्या पाळ्यांत. मुकादम वेडा व्हायची वेळ आली.” तो हसत होता, त्याचे डोळे बारीक झाले होते, अपघातानंतर तिने त्याला इतकं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. “मग?” तिने विचारलं. “मग काय. दोरी जिथे जोडलेली असते ना, त्या डब्यातला खटका बंद करून त्याला कुलूप घातलं. गेल्या सोमवारी. आता ओढली तरी पट्टा चालूच. किल्ली मुकादमाच्या खिशात.” तो अजूनही हसत होता, पण हळूहळू त्याचं हसणं ओठांवर नुसतं राहून गेलं.

पेरीझातने हातातली वही मिटली. “ठेवू नका फोन,” ती म्हणाली. “त्याला सांगा, कुलपाचा फोटो काढ. जवळून एक, आणि पट्टा दिसेल असा लांबून एक. पट्टा चालू पाहिजे. तारीख दिसली पाहिजे.”

“पेरी, त्याला दोन लेकरं आहेत. त्याचं नाव आलं तर उद्या कामावरून काढून डोंगराखाली पाठवतील.”

“त्याचं नाव कशाला? तक्रार मी करणार. कामगार निरीक्षकाकडे, छापून, रशियनमध्ये, मुद्देसूद. मला येतं ते.”

“आणि खाली नाव कुणाचं?”

“खाली माझं नाव.”

कुबात तिच्याकडे बघत राहिला. फोनमधून झूमार्तचा आवाज बारीक येत होता, कुबात बाइके, आहात का, आहात का. त्याने फोन पुन्हा कानाला लावला आणि पायरीवर तिच्याशेजारी बसला. “आहे,” तो म्हणाला. “नीट ऐक आता. दोन फोटो पाहिजेत.”